एका आईचे दोन थोरले

मुंबईत माणसं नळाच्या पाण्यासाठी भांडतात, रॉकेलच्या रांगेत भांडतात, मंडपाचा बांबू कुणाच्या खिडकीसमोर आला यावरून भांडतात. उपाशी राहायला मिळावं म्हणून भांडलेला माणूस मात्र अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत धुंडाळलात तरी एकच सापडेल, आणि तो मी. एक कचेरी, एक नोटरी, एक सुईण आणि एक कावळा एवढ्यांना मी त्या पायी कामाला लावलं. यातलं एक अक्षर खोटं असेल तर माझी जीभ झडो. अक्षराचं म्हणतोय. सबंध वाक्याची हमी मी कधीच देत नाही.

मी मेनाशे थळकर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमची नावं मोशेच्या काळातली, आडनावं अलिबागच्या आसपासची आणि शिव्या थेट अंधेरीच्या. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, देवाने मिसरी लोकांचे थोरले मुलगे मारले आणि आमचे वाचवले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. त्याची आठवण म्हणून पेसाहच्या सणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरातल्या थोरल्या मुलाने उपास करायचा. तुमच्यासारखा नाही; साबुदाणा, वरी, शेंगदाण्याचा लाडू असल्या पळवाटा आमच्यात नाहीत. पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही. धाकट्यांनी त्या दिवशी काय करायचं? धाकट्यांनी खायचं, आणि थोरल्याच्या तोंडाकडे बघत खायचं. असं ग्रंथात लिहिलेलं नाही, पण माझ्या भावाने ते लहानपणापासून नेमाने पाळलं.

हा भाऊ एफ्राइम. आम्ही जुळे. आधी मी, मागून तो. तेरा वर्षांचा झालो तेव्हापासून हा उपास माझ्या वाट्याला आला. त्याआधी माझ्या नावचा बाबा करायचे. सोळाव्या वर्षी बाबा गेले. आई म्हणाली, मेनाशे, तू थोरला. तेवढं वाक्य पुरलं. मी शाळा सोडली आणि वीज कंपनीत मीटर वाचायला लागलो. चाळीसएक वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे लिहिले. पाठीवरच्या दोन बहिणींची लग्नं लावली. एफ्राइम मॅट्रिक झाला, नकाशे काढायचा कोर्स झाला आणि चौसष्ट साली विमानात बसून इस्राएलला गेला. थोरल्याने मागे राहायचं आणि धाकट्याने टाटा करायचा, अशी जगाची रीतच आहे. माझी तक्रार नव्हती.

तक्रार नव्हती म्हणजे उपासाच्या दिवशी सोडून. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी घर डोक्यावर घ्यायचो. सकाळी नऊला घड्याळ विचारायला सुरुवात. दहाला डोकं धरून आडवा. बाराला मिल्काला, म्हणजे बायकोला, माझ्या मागे कसं राहायचं ते समजावून सांगायचो. ती बिचारी सणाची भांडी कल्हईवाल्याकडून आणायची, घर धुवायची आणि दर फेरीला मला ओलांडून जायची. एका वर्षी मी इतका कण्हलो की खालच्या मजल्यावरचा दत्ताराम चार माणसं आणि स्ट्रेचर घेऊन आला होता. थोडक्यात सांगायचं तर हा उपास मला अजिबात आवडत नव्हता. पण तो माझा होता.

शहाऐंशी साली मी रिटायर झालो आणि त्याच एप्रिलात एफ्राइम बावीस वर्षांनी सणाला म्हणून आला. उतरला आमच्याकडेच. डोक्यावर एक केस नाही, पण टोपी मात्र कशी झकास. मिल्कासाठी त्याने नायलॉनची साडी आणि बटाटे सोलायचं एक यंत्र आणलं. त्या दिवसापासून आमच्या घरात भावजींचा शब्द शेवटचा झाला. पहिल्या शनिवारी आम्ही दोघे प्रार्थनालयात गेलो. आमचं प्रार्थनालय म्हणजे एका इमारतीचा पहिला मजला; खाली पिठाची गिरणी. सेक्रेटरी हायम अष्टमकर, रिटायर्ड हेडमास्तर. शाळा सुटली तरी त्यांची फूटपट्टी सुटली नाही. प्रार्थना संपल्यावर त्यांनी दोन घोषणा केल्या.

पहिली अशी, की शहरातून एक शिकलेले गृहस्थ येणार आहेत. ते पेसाहच्या आदल्या दिवशी सकाळी एका धर्मग्रंथाचं शेवटचं पान वाचून ग्रंथ पुरा करतील. ग्रंथ पुरा झाला की तो आनंदाचा प्रसंग, आणि आनंदाच्या प्रसंगी जेवण लागतं; ते ऐकणाऱ्या थोरल्यांना उपास माफ. जगात सगळीकडे असंच करतात म्हणे. आमच्याकडे नव्हतं, आता करायचं. थोरल्यांची यादी तयार आहे, यादीत नाव त्यालाच ताट.

दुसरी घोषणा म्हणजे यादीच. त्यांनी ती वाचली. अकरा नावं. त्यात थळकर होते, पण एफ्राइम थळकर.

मला वाटलं वाचण्यात चूक झाली. पुढे होऊन बघतो तर माझ्या नावावर फूटपट्टी ठेवून लाल शाईची सरळ रेघ. अष्टमकर म्हणाले, एका आईला थोरला एकच, आणि एफ्राइमभाईंनी कागद दाखवला आहे. कागद कसला, तर त्याच्या तिकडच्या प्रार्थनालयाने दिलेलं पत्र की हे गृहस्थ बावीस वर्षं थोरल्याचा उपास करत आहेत. खाली गोल शिक्का, हिब्रूतला. शिक्का हिब्रूत दिसला की अष्टमकर स्वतःच्या जन्मतारखेवरसुद्धा पाणी सोडतील.

घरी येताना मी एफ्राइमला विचारलं, हे काय?

तो म्हणाला, "मी थोरला आहे. मला खात्रीनं माहीत आहे."

कुणी सांगितलं, तर ते सांगणार नाही म्हणाला.

आता बघा. उपास माफ झाला होता आणि वर नावही कापलं गेलं होतं. दुसरा कुणी असता तर मिल्काने केलेल्या शिऱ्यावर ताव मारून मोकळा झाला असता. मिल्का म्हणालीच, "बरं झालं, सुटलात. मीही सुटले." पण माझं समाधान शिऱ्याने होण्यातलं नव्हतं. मी थोरला नाही तर मग शाळा का सोडली? ते मीटर कुणाच्या वाटणीचे वाचले? मी तिथल्या तिथे ठरवलं, नाव परत घेईन, आणि नाव परत घेऊन शिवाय उपासही करीन. माफीची भीक नको.

घरात युद्ध सुरू झालं. शस्त्रं जुनीच होती. मी म्हणालो, आपली नावं बघ. योसेफाचे दोन मुलगे, त्यातला मेनाशे थोरला, एफ्राइम धाकटा; आईबाबांना काय कळत नव्हतं? तो म्हणाला, पुढचं वाच, आजोबा याकोबाने हात उलटसुलट करून उजवा हात एफ्राइमच्या डोक्यावर ठेवला. मी म्हणालो, हात ठेवला म्हणून कुणी आधी जन्मत नाही. मिल्का मधून फडकं मारत जाताना म्हणाली, "अठ्ठावन्न वर्षांचे दोन घोडे. ज्या माउलीने बाहेर काढलं ती वर डोक्याला हात लावून बसली असेल."

दत्तारामला कळल्याशिवाय आमच्या इमारतीत काही पुरं होत नाही. हा मूळचा मालवणकडचा, कापडगिरणीत होता, संपात गिरणी गेली आणि आता मालाडला एका ऑफिसच्या फाटकावर बसायचा. ग्रंथ पुरा केला की उपास सुटतो हे त्याला मी अर्धं सांगितलं तेवढ्यात समजलं. "म्हंजे पारायण," तो म्हणाला. "समाप्तीक पारणा. मगे आधी नाय सांगूचा? माझो बापूस करी." पण मला उपास हवा आहे, हे काही केल्या त्याच्या गळी उतरेना.

"दर वर्साक मरतंय मरतंय म्हणून वरडतस. आता सुटलंस तर रडतस कित्याक?"

मी म्हणालो, मरायचं तर माझ्या नावाने मरीन, दुसऱ्याच्या नावाने जगणार नाही. हे वाक्य त्याला आवडलं. तो म्हणाला, मग देवाला कौल लावू. परधर्माचा कौल मला चालत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगणार होतो. निकाल माझ्या विरुद्ध लागला असता तर सांगितलंच असतं. त्याने गॅलरीत एक नारळ ठेवला, त्याच्या दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर मी, डावी पडली तर एफ्राइम. एफ्राइमही येऊन बसला; आम्ही तिघे पाकळ्यांकडे टक लावून बसलो. वीस मिनिटांनी एक कावळा आला आणि उजवी पाकळी घेऊन उडाला. पडली नाही, नेली. याचा अर्थ काय, म्हणून विचारलं तर दत्ताराम बराच वेळ आभाळाकडे बघून म्हणाला, देव इचार करता हा.

देवाला विचार करायला वेळ होता, मला नव्हता. सण दोन आठवड्यांवर आलेला. इमारतीतल्या नलिनीताई मंत्रालयात होत्या. त्या म्हणाल्या, तोंडी भांडू नका, जन्माचा दाखला काढा, त्यात वेळ असते. मी वॉर्ड ऑफिसात गेलो. एफ्राइमही मागोमाग आला, कारण मी कारकुनाला फितवीन असा त्याला संशय. खिडकीत शिवदास नावाचा तरुण होता, स्वभावाने गोड, कामाने गोगलगाय. त्याने विचारलं, जन्म झाल्याचा पुरावा?

मी म्हणालो, हा मी उभा आहे ना.

"तो हयातीचा पुरावा झाला, काका. जन्माचा वेगळा लागतो."

मी रेशनकार्ड दिलं, पेन्शनचा कागद दिला. एफ्राइमने पासपोर्ट दिला. तो परदेशी निघाल्यामुळे शिवदासला साहेबांकडे जावं लागलं, आणि साहेब मीटिंगला गेलेले. तीन फेऱ्यांनंतर कळलं की आम्ही जन्मलो तेव्हा अंधेरी मुंबईतच नव्हती. गावठाणाचं जुनं दफ्तर जिन्याखालच्या खोलीत. जिन्याखाली वाकायची मला चाळीस वर्षांची सवय, शिवाय बॅटरीही होती, म्हणून शिवदासने मलाच आत सोडलं. वाळवीने तिथे असं घर बांधलं होतं की त्याला वेगळा घरनंबर द्यायला हरकत नव्हती. अठ्ठावीस सालची वही मिळाली. एप्रिल ते जून वाळवीने खाल्लेले, जुलै ते डिसेंबर उंदराने. आमचा जानेवारी शाबूत. नोंद बाबांच्या नावाने होती: थळकर इसाजी, मुलगे, नग दोन. वेळ, पहाट.

नग दोन. बाजारातून नारळ आणावे तसे. पहिला कोणता, दुसरा कोणता, काही नाही, नावंसुद्धा नाहीत. शिवदासला माझी दया आली. तो म्हणाला, दोघांनाही एकेक दाखला देतो, पहाटेचा, दोघेही खूश. मी म्हणालो, मला खूश व्हायचं नाही, आधी व्हायचं आहे. तो विचारात पडला आणि म्हणाला, दोघांतला एक मयत असता तर फार सोपं होतं, हयात असेल तो थोरला लावून टाकला असता. एफ्राइमने हळूच माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी घरी जाताना रस्ता ओलांडेपर्यंत मी त्याच्या मागेच राहिलो.

शिवदासनेच पुढची वाट दाखवली: प्रतिज्ञापत्र करा. कोर्टासमोर पिंपळाखाली एक नोटरी टाइपरायटर घेऊन बसायचे. त्यांनी चष्मा वर करून ऐकलं आणि सांगितलं की स्वतःच्या जन्माची साक्ष स्वतःला देता येत नाही, त्या वेळी तुम्ही सज्ञान नव्हता. जन्माला समक्ष हजर असलेला, तेव्हा शुद्धीवर असलेला आणि आज जिवंत असलेला माणूस आणा. मी म्हणालो, अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा? ते म्हणाले, कायदा आहे.

तेव्हा मला पार्वती आठवली. वेसाव्याची कोळीण, आईकडे कित्येक वर्षं पाटी घेऊन मासळी विकायला यायची आणि दर वेळी आमच्या गालांना हात लावून म्हणायची, ही दोनी माज्या हातची. सुईणपण तिच्या आईकडून तिला आलेलं. जिवंत असली तर ऐंशीच्या घरात.

जिवंत होती. सण परवावर आला असताना आम्ही दोघे वेसाव्याला पोचलो. काठीवर वाळत घातलेल्या मासळीखाली ती जाळ्याची गाठ मारत बसली होती. आम्ही नाव सांगितलं. तिने दोघांचे गाल एकेक करून चाचपले, एफ्राइमच्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाली, जलमला तवा बी असाच व्हतास. मग आम्ही प्रश्न विचारला. ती गाठ मारता मारता थांबली.

तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगायला मला जमणार नाही, कारण मधे मधे ती हसत होती आणि तिला दात नव्हते. झालं असं, की पहिलं बाळ बाहेर आलं तसा तिने कमरेचा जाळ्याचा दोरा तोडला आणि त्याच्या पायाला बांधला. बेने इस्राएलांच्या घरी थोरल्याला फार मान, हे तिला ठाऊक होतं. मग दुसरं आलं. तिने दोघांना एकाच घंगाळात आंघोळ घातली. दोघंही लाल, दोघंही टकली, दोघंही तेलाने बुळबुळीत. आंघोळ संपली तेव्हा दोरा पाण्यावर तरंगत होता.

मी विचारलं, मग?

"मंग काय. तुजे आयशीला सांगितला, चूक झाली. ती बोलली, गप ऱ्हा. येक निजलाय, येक भुकेला रडतोय. जो रडतोय त्याला बांध."

म्हणजे ज्याला भूक सहन होत नव्हती त्याला आईने थोरला केलं, आणि त्या थोरल्याला जन्मभर उपास लावला. हा न्याय बघा. मी चाळीसएक वर्षं दर पेसाहच्या आदल्या दिवशी का कण्हत होतो याचं कारण मला त्या वाळूत बसून कळलं. मी निवडलाच गेलो होतो त्या गुणावर.

पण खरा पहिला कोण? पार्वतीने खांदे उडवले. दोगं बी माजेच, म्हणाली. अंगठा उठवायला मात्र तिने साफ नकार दिला. तेव्हा खोटं नाही सांगितलं, आता कागदावर कशाला सांगू?

आम्ही खाडीकडच्या बांधावर येऊन बसलो. एफ्राइमने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग, थोरला तो असल्याचं त्याला कुणी सांगितलं, ते त्याने सांगितलं. सांताक्रूझला विमानात बसायला निघाला तेव्हा आईने त्याला बाजूला घेतलं होतं. म्हणाली, मेनाशेला सांगू नकोस, पण खरा थोरला तू आहेस. तिकडे गेल्यावर उपास चुकवू नकोस. ती गेली तेव्हा तो येऊ शकला नाही. पण उपास त्याने बावीस वर्षांत एकदाही चुकवला नव्हता.

मला आईचा राग आला. असा राग, की ती असती तर मी तिच्याशी आठवडाभर बोललो नसतो. मी म्हणालो, "तू थोरला होतास तर शाळा मी का सोडली? तुला का नाही सांगितलं तिने?"

एफ्राइम पाण्याकडे बघत म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मी पळून गेलो असतो, मन्या. तिला ते माहीत होतं."

खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडण करायला फार जड जातं. पण मी थळकर आहे. मी म्हणालो, "मग ऐक. दोरा सुटला तो सुटला. एवढी वर्षं मी थोरलेपण केलंय ते पायातल्या दोऱ्यावर नाही केलं. कागद नसला तरी नाव माझं. उद्या रेघ कोण मारतो ते बघतो." तो म्हणाला, "आणि माझी बावीस?" मी म्हणालो, तुझी तू बघ.

पेसाहच्या आदल्या दिवशी, बुधवारी, सकाळी आम्ही तिघे प्रार्थनालयात गेलो; तिसरा दत्ताराम, मला पाठबळ म्हणून. शहरातल्या गृहस्थांनी शेवटचं पान वाचलं, ग्रंथ पुरा झाला, सगळ्यांनी आनंद व्यक्त केला. बाजूला अकरा ताटं मांडलेली. पुऱ्या, शंकरपाळे, अंडी, रव्याचा केक. अष्टमकर घड्याळ हातात धरून उभे होते. कारण त्या दिवशी दिवसाचा तिसरा हिस्सा उलटला, म्हणजे आमच्याकडे साधारण दहा वाजले, की खमीर बंद. गव्हाचं, पिठाचं काहीही मग तोंडात घालायचं नाही. आणि बेखमिरी भाकरी तर संध्याकाळच्या सणाशिवाय शिवायचीच नाही. पुरी खायची तर दहाच्या आत. तेव्हा नऊ चाळीस झाले होते.

मी पुढे झालो आणि वेसाव्याची सगळी हकिकत खुली सांगितली. मला वाटलं, अष्टमकर गडबडतील. हेडमास्तर तो हेडमास्तरच. ते म्हणाले, शंका असली तर उपास दोघांना, आणि उपास तर आता माफच आहे, म्हणून ताटही दोघांना. एक ताट वाढवा रे. दोघेही बसा, विषय संपला.

ताट आलं. पुरी टम्म फुगलेली होती. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मी म्हणालो, "मला ताट नको. माझं नाव लिहा."

अष्टमकर म्हणाले, नाव एकच राहील. एका आईला एक, हा नियम मी मोडणार नाही. एफ्राइमभाईंचा कागद आहे.

एफ्राइम ताटासमोर बसला होता, हात अर्ध्यावर. त्याने हात मागे घेतला, उठला आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "दोन्ही लिहा. नाहीतर माझंही खोडा."

अष्टमकरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते म्हणाले, मग खरा थोरला कोण, ते तरी सांगा.

"जो आज चांदण्या दिसेपर्यंत उपाशी राहील तो," मी म्हणालो. "मास्तर, मिसरात आपले थोरले वाचले त्याची आठवण म्हणून हा उपास. वाचलेल्या माणसानं एक दिवस पोटाला चिमटा काढायचा नाही, आणि वर यादीत नाव हवं? मला तुमची माफी नको. मी थोरला आहे, आणि मला भूक लागली आहे, आणि मी जेवणार नाही."

बाकीचे दहा थोरले, ज्यांनी पुरी मोडली होती त्यांनी ती मोडलेलीच धरली. पेणचे एक सत्तरीचे गृहस्थ होते, त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, आमच्या वडिलांनीही कधी माफी घेतली नव्हती. त्यावर दुसरे म्हणाले, माफी धर्मात बसते. तिसरे म्हणाले, बसते पण शोभते का? मग जो वाद पेटला त्यात दोन माणसांनी मिसर देश, एकाने नळाची मोटर आणि अष्टमकरांनी मी मीटर वाचताना त्यांचं बिल चुकवलं होतं ते काढलं. वाद चांगला रंगात आला असताना अष्टमकरांचं घड्याळाकडे लक्ष गेलं. दहा वाजून चार मिनिटं.

पुऱ्या गेल्या. शंकरपाळे आणि केकही गेले. नियमाने खाता येण्यासारखी उरली अंडी, आणि ती वादाच्या भरात ग्रंथ पुरा करणाऱ्या गृहस्थांनी एकट्याने संपवली होती. ते धाकटे होते, त्यांना उपासच नव्हता. अशा रीतीने त्या साली आमच्या प्रार्थनालयातल्या एकूण एक थोरल्याने कडकडीत उपास केला. सणाआधी उरलेलं खमीर परधर्मीयाला देऊन टाकता येतं, पण त्याची घटका जवळ आलेली. सगळ्यांनी दत्तारामकडे पाहिलं. दत्तारामने बाह्या सरसावल्या. चार ताटं त्याने जागेवर निकालात काढली, आठ वर्तमानपत्रात बांधून घेतली आणि जाता जाता म्हणाला, धर्म असावो तर असलो.

अष्टमकरांनी यादी पुढे ओढली. एफ्राइमच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. मी म्हणालो, वर लिहा. एफ्राइम म्हणाला, खालीच राहू दे. त्यांनी टाक खाली ठेवला आणि कपाळ धरून बसले. त्यांनाही आता भूक लागायला लागली होती, कारण त्यांनी वादात भाग घेतला होता आणि ते स्वतःही थोरले होते.

घरी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. गॅलरीत चटई टाकून मी आडवा झालो, शेजारी एफ्राइम. बारा वाजता मी कण्हलो. लगेच तोही कण्हला. बावीस वर्षं वाळवंटात काढलेला माणूस, पण कण्हण्यात दम नव्हता. मी त्याला पोटातून कसं कण्हायचं ते दाखवलं. मिल्का नवी भांडी घेऊन आली, दोघांना ओलांडून गेली, परत आली, परत ओलांडलं.

"एकाचं ऐकताना जीव जात होता," ती म्हणाली. "आता दोन थोरले."

चार वाजता आधी कोण मोडतो याची पैज आणखी कडक झाली. माठ कोपऱ्यात होता. एफ्राइमने माठाकडे पाहिलं की मी खाकरायचो. मी पाहिलं की तो. पाचला त्याने विचारलं, तू खरंच रडत होतास का रे तेव्हा? मी म्हणालो, मीच रडत होतो, तू घोरत होतास. तो म्हणाला, नाही, रडत मी होतो, तू मधेच आवाज मिळवलास. त्यावर आम्ही तासभर भांडलो, आडवे पडूनच, कारण उठायची ताकद दोघांतही नव्हती. मिल्काने आतून विचारलं, पाणी तरी घेता का एखादा घोट, कुणी बघत नाही. आम्ही दोघे एकदम नाही म्हणालो.

समोरच्या इमारतीमागे सूर्य लोंबकळत होता. त्याला खाली उतरायची घाई असेल. आम्हा थोरल्यांना नव्हती.